सांधा

किल्ल्या, फोटोकॉपी, बुटांचे तळवे,
आणि अलीकडे विमानांचं चेक-इनसुद्धा,
पानाला पन्नास सेंट.
काटानियात मासळीबाजाराच्या मागे माझं दुकान आहे
आणि मी अजून विमानात बसलेलो नाही.

बुधवारी शटर अर्धं ओढलं होतं
तेव्हा स्मारांदा वाकून आत आली.
आगातीना आजींना सात वर्षं उचलतेय,
वाकणं तिला जड नाही.
म्हणाली, दोन विमानं आहेत, नून्झियो,
इथून बेर्गामो, बेर्गामोहून याश.
दाढा काढायच्यात. चार.
इथल्या डॉक्टरनं सांगितलेल्या पैशांत
तिकडे दाढाही निघतात
आणि आईच्या घराचे पत्रेही बदलून होतात.

सगळ्यांना सांगतो तेच तिला सांगितलं:
ही स्वस्तातली कंपनी. तिच्या लेखी
बेर्गामोला उतरणारी बाई वेगळी
आणि बेर्गामोहून चढणारी वेगळी.
पहिलीला उशीर झाला तर दुसरीसाठी कुणी थांबत नाही.
मधला सांधा आपला आपण भरायचा.
ती म्हणाली, रात्रभर बाकावर बसेन,
सांधा मोठा आहे.

आडनाव टाकलं. त्सुर्कानू.
तिच्या लिपीत पहिल्या अक्षराला खाली शेपटी असते.
फॉर्म म्हणाला, अमान्य अक्षर.
शेपटी छाटली तेव्हा पुढे सरकला.
"छाट," ती म्हणाली, "तिला सवय आहे."

प्रवासाचा हेतू: सहल की व्यवसाय?
दाढ कुठेच नव्हती.
मी सहल निवडली. ती हसली, गालावर हात धरून.
खिडकी हवी? अकरा युरो.
आधी चढायचं? सहा.
वरच्या कप्प्यात बॅग? ते विचारूच नये.
दात कोरून पोट भरतात लेकाचे, म्हणणार होतो,
तिच्या गालाकडे बघितलं
आणि म्हणालो नाही.

पहिलं तिकीट निघालं, एकोणतीस ई, दोघांच्या मधली जागा.
दुसऱ्याचं दार बंद. उद्या सकाळी सहा पाचला उघडणार.
सहा पाचला ती आजींना कुशीवर वळवून पाठ पुसत असते.
"तू करशील?"
आणि माझाच ईमेल टाकायला लावला,
कारण तिच्या फोनची काच एका कोपऱ्यात गेलीय
आणि 'पुढे'चं बटण नेमकं त्याच कोपऱ्यात येतं.

गुरुवारी सहा तीनला मी बनियनवर कॉम्प्युटरसमोर.
बायको उशीतूनच म्हणाली, कुणाचं लग्न लागतंय?
सहा पाच. चौदा बी. पुन्हा मधलीच.
खिडकीच्या अकरा युरोंवर बोट ठेवलं,
काढलं.
माझेही दिवस काही फार बरे नाहीत.

दुपारी ती पिशवी घेऊन आली.
दुकानात मी पुठ्ठ्याचं खोकं करून ठेवलंय,
चाळीस बाय वीस बाय पंचवीस,
त्यात बसेल ते विमानात बसतं.
तिची पिशवी लिंबांवर अडली.
डॉक्टरला द्यायची होती, आजींच्या झाडाची.
दोन स्वेटर अंगात चढवले, काटानियाच्या उन्हात,
तेव्हा लिंबं आत गेली.
बसस्टॉपकडे जाताना घामानं चकाकत होती,
आजींच्या पुतण्याला फोनवर सांगत होती,
आधी गुडघा दुमड. गुडघा. खांदा नंतर.

तेव्हापासून कंपनी मलाच पत्रं लिहिते.
प्रिय स्मारांदा, याशमध्ये गाडी भाड्याने हवी का?
प्रिय स्मारांदा, हॉटेल?
शुक्रवारी पहाटे आलं:
काटानिया ते बेर्गामो प्रवास कसा झाला?
पाचपैकी किती तारे?
काय देऊ? मी चार दिले.
एक मधल्या जागेचा कापला.

आज रविवार. किल्ली घासता घासता
मी स्क्रीनकडे बघतो.
बेर्गामो ते याश कसं झालं
हे अजून कुणीच विचारलेलं नाही.